विज्ञानक्षेत्रातील स्त्री-पुरुष समानता (भारत)

संशोधनाच्या पेशात प्रवेश, बढती आणि मान्यता यांबाबत स्त्री-पुरुषांना सारखी संधी असणे. भारतात आज विज्ञानाच्या पदवी वर्गांत मुली निम्म्याच्या आसपास असतात. प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत मात्र स्त्रिया पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहेत. तेव्हा खरी गळती शिक्षणात नव्हे, नोकरीच्या वाटेवर आहे. निवड गुणवत्तेवर होते, असे यावर सांगितले जाते. पण गुणवत्तेची कसोटी सर्वांना सारखी लावली गेली नाही, याला पुरावा आहे. मुंबई विद्यापीठात अव्वल आलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिथले संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, त्या स्त्री आहेत म्हणून, आधी नकार दिला आणि मग वर्षभराच्या परीक्षाधीन अटीवर घेतले. ही जादा परीक्षा पुरुषांना नव्हती. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

स्त्रिया संसारासाठी आपणहून बाहेर पडतात, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार; बऱ्याच जणी खरोखर थांबतात. परंतु पाठ्यवृत्त्यांच्या वयोमर्यादा नेमक्या बाळंतपणाच्या वर्षांवर येतात, आणि त्या वेळापत्रकाला ‘निवड’ म्हणणे सोयीचे, इतकेच. विज्ञान संशोधनासाठीच्या मानाच्या भटनागर पुरस्कारालाही पंचेचाळिशीची वयोमर्यादा होती. तो मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री असीमा चटर्जी (१९६१). दुसऱ्या अर्चना शर्मा, थेट १९७५ मध्ये. कामात खंड पडल्यानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने स्वतंत्र पाठ्यवृत्ती सुरू केली. कायम पदाची हमी तिच्यात नाही.