लीन इंजिन आणि मूळ पाठ

‘लीन’ हा शब्द मराठी वाचकाला संतवाङ्मयातून परिचित आहे. चरणी लीन होणे म्हणजे नम्र होणे, स्वतःला विसरून दुसऱ्यात मिसळून जाणे. अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या गॅरेजांत याच उच्चाराचा शब्द कानी पडतो, पण तिथे त्याचा अर्थ रोडावलेले, कृश असा आहे. ज्या इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी जाते ते इंजिन ‘लीन’ चालते. असे इंजिन नम्र मुळीच नसते. थ्रॉटल दाबला की ते क्षणभर अडखळते, कार्ब्युरेटरच्या तोंडून उलटे खोकते, सपाट रस्त्यावर एका वेगाने जातानाही हिसके देते. प्लग काढून पाहावा तर पांढराफटक. भार पडलेला असताना हे दुखणे तसेच चालू दिले, तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

हे दुखणे बरे कसे करतात, हा प्रश्न वरकरणी मिस्त्रीचा आहे. आमच्या मते तो इतिहासाचा आणि काही अंशी पाठचिकित्सेचाही आहे. म्हणून साहित्याच्या वाचकांपुढे तो मांडत आहोत.

कार्ब्युरेटरचे तत्त्व जुने आहे. प्रवाह अरुंद गळ्यातून जाताना त्याचा वेग वाढतो व दाब उतरतो, हे जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी त्यावर इंधन फवारणारे कार्ब्युरेटर उभे केले. इंजिन स्वतःच्या श्वासाने हवा ओढते आणि त्या ओढीने पितळी जेटच्या भोकातून पेट्रोल उडते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १ भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते; पूर्ण ताकद हवी असेल तर साधारण १२.५ ते १३. एकच भोक या दोन्ही गरजा भागवू शकत नाही. म्हणून संथ चालीची एक वाट, धावतानाची दुसरी, अचानक थ्रॉटल उघडल्यावर पिचकारी मारणारा पंप, अशी त्याची गुंतागुंत वाढत गेली.

मसल कारची कथा बहुधा १९६४ च्या पाँटिॲक जी.टी.ओ.पासून सांगतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. जॉन डिलोरियन व सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचे इंजिन ‘ऐच्छिक जोड’ म्हणून देऊन तो चुकवला. त्यावर तीन कार्ब्युरेटरांची ‘ट्राय-पॉवर’ जोडणीही मागवता येई. तिची जाहीर ताकद ३४८ अश्वशक्ती होती. रॉनी अँड द डेटोनाज यांच्या त्याच वर्षीच्या लोकप्रिय गाण्यात तर कार्ब्युरेटरांची संख्याच आली आहे. यंत्राचा सुटा भाग प्रेमगीताच्या सुरात गायला जावा, हा प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. आणखी एक मौजेची गोष्ट अशी, की ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने मार्च १९६४ मध्ये जिची तारीफ केली, त्या गाडीत ३८९ चे नव्हे, ४२१ घनइंचांचे इंजिन गुपचूप बसवलेले होते. जाहिरातीची धुरा वाहणारे जिम वँगर्स यांनीच हे पुढे कबूल केले. म्हणजे या परंपरेचा आद्य पाठच प्रक्षिप्त!

त्याच काळात लॉस एंजेलिसच्या आकाशात वेगळीच गोष्ट शिजत होती. अननसाच्या स्वादावर काम करणारे आरी हागेन-स्मिट हे रसायनशास्त्रज्ञ शहराच्या धुरक्याकडे वळले. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवले. परिणामी कॅलिफोर्नियात १९६६ च्या मॉडेलांपासून आणि देशभर १९६८ च्या मॉडेलांपासून धुराडावर मर्यादा आली. स्वस्तातला उपाय कोणता? मिश्रण पातळ करणे आणि ठिणगी उशिरा पाडणे. क्रायस्लरने कॅलिफोर्नियातील गाड्यांसाठी नेमकी हीच वाट धरली. पुढे मिश्रणाच्या स्क्रूंवर प्लास्टिकच्या टोप्या बसल्या, ते फार फिरू नयेत म्हणून. परंतु पातळ मिश्रणाने हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड घटले, तरी नायट्रोजनची ऑक्साइडे वाढली. अखेर १९७१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियाला त्यांच्यावरही बंधन घालावे लागले.

‘सरकारने आमच्या गाड्या मारल्या’ हे शौकिनांचे आवडते वाक्य आम्हाला म्हणूनच अर्धेच खरे वाटते. कायद्याने मर्यादा घातली. ती कशी पाळायची हे कारखान्यांनी ठरवले. विम्याचे चढते हप्ते आणि १९७३ चा तेलसंकोच हे वाटेकरीही विसरता येत नाहीत. आणि खोकणारे इंजिन दिसते तशी खोकणारी मुले दिसत नाहीत, एवढेही म्हणायला हवे.

तेव्हा १९७० च्या आसपासची एखादी गाडी आज लीन चालत असेल, तर त्या कृशपणाचे थर असतात. पहिला थर कारखान्याचा, वर सांगितलेला. दुसरा इंधनाचा. २००५ च्या कायद्यानंतर अमेरिकेत पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले. इथेनॉल आपल्याबरोबर ऑक्सिजन घेऊनच येते, त्यामुळे १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १४.१ भाग हवा पुरते. जेट तेच, भोक तेच; पण अर्थ बदलला. तिसरा थर वयाचा: आक्रसलेली गॅस्केटे, तडकलेल्या रबरी नळ्या आणि त्यांतून चोरून शिरणारी हवा.

जाणता कारागीर हे थर वरून खाली उलगडतो. म्हणून पहिली पायरी कार्ब्युरेटरला हात न लावण्याची असते. आधी नळ्या तपासायच्या, ब्रेक बूस्टरची विशेषतः. मॅनिफोल्डच्या सांध्यांवर क्लीनरचा बारीक फवारा मारून इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐकायचे (तापलेल्या इंजिनावर हे जपून, फवारा पेट घेतो). मग ठिणगीची वेळ, मग फ्लोटची पातळी. त्यानंतर संथ चालीचे दोन स्क्रू: हलक्या हाताने पूर्ण आत, तिथून दीड फेरा बाहेर. जोर केला तर टोकाला खाच पडते आणि स्क्रू कायमचा खोटे बोलू लागतो. इंजिन गरम झाल्यावर व्हॅक्यूमचे घड्याळ लावून आळीपाळीने पाव-पाव फेरा द्यायचा आणि काटा सर्वांत वर जिथे स्थिरावेल तिथे थांबायचे. एवढ्याने भागले नाही तरच जेट बदलायचे, तेही एका-दोन क्रमांकांनी. १९६५ पासूनच्या क्वाड्राजेटमध्ये जेटच्या भोकात एक निमुळती सळई हलते. सळई बारीक घातली की पेट्रोल वाढते. क्रमांक वाढला म्हणजे मिश्रण दाट झाले, हा जेटचा नियम सळईला उलटा लागतो; नवशिके इथेच फसतात.

मग प्लगचे वाचन. इंग्रजीतही ते ‘वाचणे’च म्हणतात. पूर्ण थ्रॉटलने गाडी पळवायची, तत्क्षणी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये थांबवायची, प्लग काढायचा. चिनी मातीवर फिकट तपकिरी छटा हवी. पण ही वर्णमाला शिशाच्या पेट्रोलच्या काळात घडली. रस्त्यावरील गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत १९९६ पासून बंद आहे आणि आजच्या इंधनाचे डाग फार पुसट उमटतात. जुन्या वाचकाला लिपी येते, पण शाईच बदललेली. म्हणून आता धुराच्या नळीत ऑक्सिजनचा सेन्सर बसवून आकडा थेट वाचतात. आकडा अचूक असतो यात शंका नाही. मात्र हिसका कोणत्या वाटेतून येतो, संथ चालीच्या, धावण्याच्या की पंपाच्या, हे त्या आकड्यावरून ठरवायला ती वाट ठाऊक असलेला माणूसच लागतो.

खरा वाद इथून पुढे सुरू होतो. प्रदर्शनातील परीक्षक कार्ब्युरेटरवर ठोकलेला क्रमांक व तारीख पाहतात. तो क्रमांक ज्या जेटांसह बाहेर पडला, त्या जेटांवर गाडी आजच्या पेट्रोलमध्ये अडखळते. मूळ पाठ जपावा तर तो नीट वाचता येत नाही, वाचता यावा म्हणून दुरुस्त करावा तर तो मूळ राहत नाही. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की संपादकाने दुरुस्ती करावी पण लपवू नये. तोच नियम आम्ही इथेही लावू. दोन क्रमांक मोठे जेट घालून गाडी रस्त्यावर धावू द्यावी, आणि काढलेली पितळी जेटे, क्रमांक व तारीख लिहिलेल्या पाकिटात, गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावीत.