अंकगुणाकार-क्रमिका

संख्येतील अंकांच्या गुणाकारावर उभ्या राहणाऱ्या पूर्णांकांच्या क्रमिका. धाराशिव जिल्ह्यातील गाड्यांवरचा ‘एमएच २५’ घ्या: २ × ५ = १०, १ × ० = ०. दोन पायऱ्यांत खेळ खलास! एक अंक उरेपर्यंत लागणाऱ्या पायऱ्यांना संख्येचा ‘गुणाकारी चिवटपणा’ म्हणता येईल, आणि दोन पायऱ्या लागणारी सर्वांत लहान संख्या नेमकी २५ आहे. धाराशिव शहराचा पिनकोड ४१३५०१ मात्र पहिल्याच फटक्यात शून्यावर बाद होतो.

६७९ जास्त तग धरते: ३७८, १६८, ४८, ३२, ६.

गणितज्ञ नील स्लोन यांनी १९७३ मध्ये हा विषय मांडला. २७७७७७७८८८८८८९९ ही पंधरा अंकी संख्या ११ पायऱ्या टिकते. १२ पायऱ्यांची संख्या अजून कोणालाही सापडलेली नाही, आणि ती नसल्याची सिद्धताही नाही.

क्रमिका बनवण्याची दुसरी रीत बेरजेची. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत: १, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९, ६२. बेरजेऐवजी गुणाकार मिळवला, तर १६ नंतर वाट बदलते: २२, २६, ३८, ६२, ७४, १०२. गंमत म्हणजे ३८ आणि ६२ दोन्हीकडे भेटतात. १०२ वर मात्र गुणाकार शून्य होऊन गाडी अडते. म्हणून बरेचदा शून्य वगळूनच गुणतात. मग पुढे १०४, १०८, ११६ अशी चाल सुरू राहते.