कर्करोगोपचार आणि शारीरिक हालचाल : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

आजारी माणसाने अंथरुणावर पडून राहावे, हा संकेत आपल्याकडे इतका रूढ आहे की त्यालाही एक इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. कर्करोगाच्या बाबतीत तो अधिकच कटाक्षाने पाळला जातो. हा संकेत वैद्यकशास्त्रात कसा शिथिल झाला आणि बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूर (ता. चिखली) यासारख्या शेतीप्रधान गावाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

विश्रांतीकडून हालचालीकडे

एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ झोपून राहणे आवश्यक मानले जाई. क्षयरोगाच्या आरोग्यधामांनी तर विश्रांतीलाच उपचाराचा दर्जा दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या समजुतीला तडा गेला. 1947 मध्ये रिचर्ड ॲशर या ब्रिटिश वैद्याने दीर्घ शय्याविश्रांतीचे धोके ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. स्नायू क्षीण होणे, रक्ताच्या गुठळ्या होणे, फुप्फुसांत कफ साचणे हे ते धोके होत.

कर्करोगाचे क्षेत्र मात्र या बदलापासून दीर्घकाळ दूर राहिले. 1989 मध्ये अमेरिकेतील मॅकव्हिकार, विनिंगहॅम व निकेल या परिचर्या-संशोधकांनी रसायनोपचार घेणाऱ्या स्तनकर्करुग्ण स्त्रियांना दहा आठवडे स्थिर सायकल चालवावयास दिली आणि त्यांची कार्यक्षमता वाढल्याचे दाखवून दिले. पुढे 2022 मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने बरे करण्याच्या हेतूने चाललेल्या उपचारांदरम्यान व्यायामाची, तसेच फुप्फुसाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वीही व्यायामाची शिफारस केली. थकवा घालविण्यासाठी विश्रांती, ही धारणा अशा रीतीने मागे पडली.

महाराष्ट्राची परंपरा

व्यायाम हा विषय वऱ्हाडास नवा नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 मधील; 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकार सादर केले. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाचा प्रयोगनिष्ठ अभ्यास आरंभिला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी प्रार्थना, रामधून, ग्रामसफाई यांतून पहाटेची सामुदायिक हालचाल गावोगाव नेली. 1968 मध्ये कर्करोगानेच त्यांचे देहावसान झाले. नागपूरचे कर्करुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. व्यायाम हे रोगापासूनचे अभेद्य कवच नव्हे, याचेही स्मरण यातून होते.

या परंपरेचा रोख मुख्यतः निरोगी शरीराकडे होता. तिला रुग्णशय्येपर्यंत नेण्याचे एक महत्त्वाचे कार्य 1941 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात घडले. तेथील 850 स्तनकर्करुग्ण स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष 2022 च्या अखेरीस सादर झाले. उपचारांस योगाची जोड दिलेल्या गटात रोगमुक्त कालावधीच्या निकषावर 15 टक्के सापेक्ष सुधारणा नोंदविण्यात आली.

श्रम आणि व्यायाम

अमडापूरसारख्या गावात हा विचार नेताना एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. निंदणी, कापूसवेचणी, पाणी भरणे यांत आयुष्य घालविलेल्या स्त्रीला आजारपण हीच कित्येकदा पहिली विश्रांती असते. घरच्यांनी तिला ‘पडून राहा’ म्हणणे, हे मायेचे बोल असतात. अशा वेळी ‘हालचाल करा’ या सल्ल्याचा अर्थ ‘पुन्हा कामाला लागा’ असा घेतला गेला, तर तो सल्ला अन्यायकारक ठरेल. श्रम दुसऱ्याच्या गरजेने ठरतात आणि शरीराची कुवत विचारात घेत नाहीत. व्यायाम मात्र रुग्णाच्या कुवतीप्रमाणे मोजून दिला जातो आणि थांबविताही येतो. ताप, तीव्र रक्तक्षय किंवा हाडांत पसरलेला रोग असल्यास वैद्यांच्या अनुमतीखेरीज तो करू नये.

निष्कर्ष

शय्याविश्रांती हा शाश्वत नियम नसून विशिष्ट काळाच्या वैद्यकाची निष्पत्ती होती, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. तिचा पर्याय खर्चिक नाही. सकाळ-संध्याकाळ थोडे चालणे, खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, श्वसनाचे व्यायाम यांस यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती घरकामातून व शेतकामातून मिळालेली सवड आणि सोबत चालणारे कोणीतरी. पहाटेच्या रामधूनीची परंपरा असलेल्या प्रदेशात ही सोबत उभी करणे अशक्य नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना व शारीरिक शिक्षण विभागांनी ग्रामीण रुग्णालयांच्या साहाय्याने यात पुढाकार घेतल्यास वऱ्हाडच्या व्यायामपरंपरेचा लाभ आजवर तिच्या बाहेर राहिलेल्या रुग्णांनाही होईल.