वतनाचा वारसा आणि सरकारची संमती

वतन ही कुळाची मिळकत की राजाची देणगी, हा प्रश्न महाराष्ट्रातील ग्रामसंस्थेच्या अभ्यासकापुढे वारंवार उभा राहतो. सनदेत वतन पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने चालविण्याचे अभिवचन असे. परंतु बापाकडून मुलाकडे जाताना ते सरळ हातोहात जात नसे. प्रत्येक पिढीच्या सांध्यावर सरकार उभे असे. प्रस्तुत टिपणात या सांध्याचाच विचार करावयाचा आहे.

मराठी राज्यात सरंजाम हा तत्त्वतः सेवेच्या मोबदल्यात दिलेला व म्हणून परत घेता येण्याजोगा. वतन मात्र वंशाशी जखडलेले. वतनदार म्हणजे राज्याचे लहानसे वाटेकरीच, असा इशारा रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दिला आहे. त्यांना सांभाळावे, पण मोकळे सोडू नये, हे त्या इशाऱ्याचे सार होय.

इंग्रजी अमलात हा संबंध कागदावर काटेकोर झाला. 1852 च्या 11 व्या कायद्याने इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हा पिढ्या मोजण्याचे मापच ठरविण्यात आले. इंग्रजी अंमल सुरू होण्यापूर्वी 60 वर्षे अखंड उपभोग असून इनाम मूळ धारकाच्या नातवाकडे वा त्याच्या पुरुषवंशजाकडे असेल, तर पुरुषवंश असेपर्यंत ते चालावे. 40 वर्षांचा उपभोग असून ते मुलाकडे वा त्याच्या पुरुषवंशजाकडे असेल, तर त्या वेळच्या धारकानंतर आणखी एकाच वारसापर्यंत. म्हणजे आजोबांची सनद नातवाच्या कामी येणार की नाही, हे वर्षांच्या हिशेबावर अवलंबून राहिले.

चाकरीच्या वतनांसाठी 1874 चा वतन कायदा झाला. वतनदारास आपल्या हयातीपलीकडे, सरकारच्या संमतीवाचून, वतनाबाहेरील माणसास जमीन देता येईना. 1886 च्या 5 व्या कायद्याने तर शेवटच्या पुरुषधारकाची विधवा वगळता कुटुंबातील सर्व स्त्रियांचा व त्यांच्याद्वारे हक्क सांगणाऱ्यांचा क्रम, वारसास पात्र असलेल्या सर्व पुरुषांच्या मागे टाकला. पोटची मुलगी असतानाही दूरचा भाऊबंद वतन घेऊ शकला, तो या नियमामुळे. येथे सरकार केवळ साक्षीदार राहिले नाही. वारस कोण हे तेच ठरवू लागले.

महार वतनात या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसते. तेथे मुलाच्या वाट्यास जमिनीचा तुकडा येई, आणि त्याबरोबर गावाची व सरकारची राबणूकही येई. जमीन राखून चाकरीतून मुक्त होता यावे, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. अखेर 1958 च्या कायद्याने 1 ऑगस्ट 1959 पासून ही कनिष्ठ वतने संपली. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमीन मूळ वतनदारास परत देण्याची तरतूद झाली. मात्र हस्तांतरासाठी व सरसनिरस वाटणीसाठी जिल्हाधिकाऱ्याची पूर्वसंमती ठेवण्यात आली. चाकरी गेली, पण सांध्यावरचे सरकार हटले नाही.

परगणा व कुलकर्णी वतने 1 मे 1951 रोजी, तर पाटीलकी 1 जानेवारी 1963 रोजी संपुष्टात आली. त्यानंतरही एक प्रश्न उरला: वडीलकीच्या चालीमुळे ज्याच्या एकट्याच्या नावे वतन होते, त्यालाच परत मिळालेली जमीन राहावी काय? 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जमीन एकाच्या नावे परत मिळाली तरी तिचा लाभ सर्व कुटुंबाचा असून ती वाटणीस पात्र आहे.

या साऱ्यावरून असे म्हणता येईल की, वतनाचे सामर्थ्य ज्या शाश्वतीत होते, तिच्यातच त्याचा जाच होता. वतन बुडाले असे ज्येष्ठाने म्हटले असेल. परंतु धाकट्या भावास वाटणीचा आणि मुलीस सामान्य वारसा कायद्याचा मार्ग खुला झाला, तो ते बुडाल्यावरच.