भोवळ, हृदयाचा ठोका आणि एल्स-मारीचा हट्ट

गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की खऱ्या गप्पा सुरू होतात. त्यात हल्ली एक प्रश्न बऱ्याचदा कानावर येतो. "छातीत मशीन बसवलं, आता पुन्हा भोवळ का येते?" विचारणारी बाई दबक्या आवाजात विचारते. घरात बोलली तर ऐकावं लागतं, "एवढा खर्च केला, अजून तुझं रडगाणं चालूच!" म्हणून आज त्या मशीनची, म्हणजे पेसमेकरची, गोष्ट सांगते. ती ऐकली की भोवळीचंही बरंचसं कोडं सुटतं.

पूर्वी माणूस उभ्या उभ्या कोसळला की दोष डोक्याला दिला जायचा. आपल्याकडे भूतबाधा म्हणत, अंगात आलं म्हणत, कांदा हुंगवत. परदेशातले डॉक्टरही मेंदूचाच झटका समजायचे. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या डॉक्टरांनी १८२७ साली अशाच एका रुग्णाबद्दल लिहिलं. त्याची नाडी फार सावकाश चालायची आणि तो पुन्हा पुन्हा बेशुद्ध पडायचा. अ‍ॅडम्स म्हणाले, मूळ दुखणं डोक्यात नाही, हृदयात आहे. १८४६ साली त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्स यांनी असे आणखी रुग्ण नोंदवले. आजही या झटक्यांना या दोघांचं नाव आहे.

होतं काय, तर हृदयात वरचे दोन कप्पे आणि खालचे दोन कप्पे. वरून एक बारीकसा विजेचा इशारा निघतो, खाली पोचतो आणि ठोका पडतो. मधली वाट तुटली की इशारा खाली पोचत नाही. खालचे कप्पे मग आपल्या मनाने चालतात, पण फार सावकाश. कधी काही क्षण थांबतातच. मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली.

इशारा पोचत नसेल तर बाहेरून द्यावा, ही कल्पना डॉक्टरांना सुचली खरी, पण सोय नव्हती. १९५२ साली अमेरिकेत बोस्टनच्या पॉल झोल यांनी छातीवरून विजेचे धक्के देऊन ठोके चालू ठेवले. जीव वाचायचा, पण कातडी भाजायची आणि वेदना होत त्या वेगळ्याच. पुढची यंत्रं भिंतीवरच्या विजेवर चालणारी होती. रुग्ण वायरीच्या लांबीएवढाच फिरणार! ३१ ऑक्टोबर १९५७ ला मिनियापोलिस शहराची वीज गेली, तेव्हा अशा यंत्रांवर जगणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न सगळ्यांपुढे उभा राहिला. लोडशेडिंग काढलेल्या आपल्यासारख्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको. तिथल्या लिलेहाय नावाच्या सर्जननी दवाखान्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना गाठलं. बॅकन यांनी गाण्याचा ठेका धरणाऱ्या यंत्राचा नकाशा एका मासिकातून घेतला आणि काही आठवड्यांत बॅटरीवर चालणारी, अंगावर बाळगता येणारी डबी तयार केली.

पण डबी अजून अंगाबाहेर होती. ती आत गेली स्वीडन देशात, आणि गेली ती एका बाईच्या हट्टापायी.

स्टॉकहोमजवळ आर्ने लार्सन नावाचे ४३ वर्षांचे गृहस्थ दवाखान्यात होते. दिवसात वीस-तीस वेळा त्यांना झटका यायचा. त्यांच्या बायकोचं नाव एल्स-मारी. तिला कळलं की ओके सेनिंग नावाचे सर्जन आणि रुने एल्मक्विस्ट नावाचे इंजिनिअर अशा यंत्रावर प्रयोग करत आहेत. ती दोघांना भेटली. ते म्हणाले, माणसाच्या शरीरात बसवण्यासारखं यंत्र तयार नाही. ती पुन्हा गेली. कधी दवाखान्यात, कधी प्रयोगशाळेत, तिने त्यांची पाठ सोडली नाही. शेवटी एल्मक्विस्ट यांनी यंत्र केलं. त्यासाठी साचा काय वापरला असेल? बुटाच्या पॉलिशची डबी! ८ ऑक्टोबर १९५८ ला ते आर्नेंच्या अंगात बसवलं. काही तासांतच बंद पडलं. दुसरं बसवलं, तेही फार टिकलं नाही. पण आर्ने टिकले. आयुष्यभरात त्यांना २६ यंत्रं लागली, आणि २००१ साली, ८६ व्या वर्षी, ते वेगळ्याच आजाराने गेले. तोवर त्यांचे सर्जन आणि इंजिनिअर, दोघेही त्यांच्याआधी गेले होते. पुस्तकांत सेनिंग आणि एल्मक्विस्ट यांची नावं ठळक असतात. मला विचाराल तर एल्स-मारीचं नाव त्यांच्याच ओळीत हवं.

अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच यांनी घरामागच्या कोठारात पेसमेकर बनवले. त्यांची बायको एलिनॉर एकेक सुटा भाग पेन्सिलीने ठोकून तपासायची. हे काम घरकामातच धरलं गेलं असणार, दुसरं काय!

आता त्या २६ यंत्रांकडे नीट बघा. म्हणजे यंत्र बसवलं की संपलं, असं कधीच नव्हतं. सुरुवातीला तारा तुटायच्या, बॅटरी लवकर संपायची. १९७२ पासून लिथियमची बॅटरी आली आणि यंत्र कितीतरी वर्षं चालू लागलं. पहिली यंत्रं हृदय स्वतः ठोका देतंय की नाही हे न बघताच ठोके देत राहायची. पुढे गरज असेल तेव्हाच इशारा देणारी आली. त्यातही फक्त खालच्या कप्प्यात तार असलेल्या काही रुग्णांना भोवळ, दम, मानेत धडधड असा त्रास होऊ लागला. वरचे आणि खालचे कप्पे एका तालात चालत नव्हते. वरचा कप्पा आकुंचन पावायचा तेव्हा मधली झडप बंद असायची. १९६९ साली डॉक्टरांनी या त्रासाचं वर्णन केलं, आणि पुढे त्याला पेसमेकर सिंड्रोम असं नाव पडलं. म्हणजे मशीन चालू असूनही भोवळ येऊ शकते, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केलंय. ते बाईचं नाटक नाही.

तेव्हा भोवळ आली तर कारण शोधायचं. तार जागची हलली असेल, बॅटरी उतरत असेल, मशीनचा वेग तुम्हाला जुळत नसेल. हे सगळं पेसमेकरच्या तपासणीत कळतं, आणि वेग बाहेरूनच बदलता येतो, त्यासाठी पुन्हा चिरफाड लागत नाही. पण पुष्कळदा कारण मशीनबाहेरचं असतं. मशीन ठोका सांभाळतं, रक्तदाब नाही. बीपीच्या गोळ्या जास्त झाल्या, उन्हात पाणी कमी प्यायलं, उपास धरला, अंगात रक्त कमी असलं, कानाचं दुखणं असलं, तरी घेरी येतेच. म्हणून भोवळ कधी आली, उठताना आली की बसल्या जागी, गोळी घेतल्यावर किती वेळाने, हे लिहून ठेवा. गटाच्या वहीचं मागचं पान चालेल. मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला आशाताईंकडून शिका. तुमचं मशीन कमीत कमी किती ठोक्यांवर लावलंय ते डॉक्टरांना विचारून ठेवा. नाडी त्याहून कमी भरली, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर उद्यावर ढकलू नका. आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

अंधारी आली की असाल तिथे खाली बसा, जमलं तर आडवं होऊन पाय उंच ठेवा. चुलीजवळ, विहिरीच्या काठावर तर आधी बाजूला व्हा. मोबाइल ब्लाऊजमध्ये ठेवायची आपली सवय मशीनवाल्या बाईने सोडायची, पिशवीत ठेवायचा. मशीनचं कार्ड मात्र कायम जवळ हवं. नवीन मशीन असेल तर डॉक्टर सांगतील तितके आठवडे त्या बाजूच्या हाताने हंडा उचलायचा नाही, पोहरा ओढायचा नाही. हे घरातल्यांना सांगावं लागेल, आणि एकटीचं ऐकत नसतील तर गटातल्या दोघीतिघी मिळून जा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा.