चित्राचा हरवलेला पत्ता

१/६
जुन्या लेखातील चित्र पाहू जावे आणि त्या जागी रिकामी चौकट दिसावी, हे इतिहासाच्या वाचकांना नवे नाही. पुष्कळदा चित्र नष्ट झालेले नसते. केवळ त्याचा पत्ता बदललेला असतो. तो संगणकाकरवी कसा शोधावा आणि शोधताना काय जपावे, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/६
दप्तरखान्यात एखादा कागद एका रुमालातून दुसऱ्या रुमालात हलवला, तर जुन्या जागी तशी चिठ्ठी असावी. वेबवरील अशी चिठ्ठी म्हणजे रिडायरेक्ट. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात त्यासाठी संकेतांक आढळतात : ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरते.

३/६
७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सचे उदाहरण घेऊ. तेथे फाइलच्या नावावरून 'एमडी५' पद्धतीने ३२ चिन्हांचा संकेत काढला जातो. त्याची आरंभीची चिन्हे फाइलचा कप्पा ठरवतात. त्यामुळे फाइलचे नाव बदलले की चित्राचा जुना थेट पत्ता निकामी होतो. जुन्या नावाच्या पानावर मात्र सहसा रिडायरेक्ट शिल्लक असतो.

४/६
म्हणून एपीआयला पत्ता नव्हे, तर फाइलचे नाव द्यावे. 'क्वेरी' ही क्रिया निवडून 'टायटल्स'मध्ये जुने नाव लिहावे, 'रिडायरेक्ट्स' जोडावे, आणि 'इमेजइन्फो'कडून 'यूआरएल' मागावा. उत्तरात 'फ्रॉम'पुढे जुने नाव, 'टू'पुढे नवे नाव आणि चालू पत्ता मिळतो. एका विनंतीत सामान्यतः ५० नावे विचारता येतात.

५/६
खरा धोका पुढेच आहे. फाइलचे नाव कधी कधी चित्रातील व्यक्तीची वा वास्तूची ओळख चुकल्यामुळे बदललेले असते. आपला प्रोग्रॅम निमूटपणे नवा पत्ता बसवतो, चित्र पुन्हा दिसू लागते. त्याखालची चुकीची ओळ मात्र तशीच राहते. रिकाम्या चौकटीने वाचक निदान थबकला असता. आता तो निःशंकपणे चूक वाचतो.

६/६
यास्तव केवळ नवा पत्ता साठवू नये. जुने नाव, नवे नाव आणि तपासणीचा दिनांक यांची नोंद ठेवावी. नाव का बदलले, हे फाइलच्या स्थलांतराच्या नोंदीत स्वतः वाचावे आणि मगच चित्राखालची ओळ कायम करावी. पत्ता शोधणे यंत्राचे काम; चित्र कोणाचे, हे ठरवणे आपलेच.