हाक कोणी ऐकायची?

मागच्या महिन्यात इंदूरहून एका ताईंचा फोन आला. त्यांचा भाचा अमेरिकेत वैमानिक होण्याचं शिक्षण घेतोय. छोटं, एका इंजिनाचं विमान, आणि त्यात एकट्याने लांबलांबच्या फेऱ्या. ताईंनी ऐकलं होतं, की तळहातावर मावेल एवढं एक यंत्र मिळतं आणि ते उपग्रहामार्फत 'मी कुठे आहे' हे घरच्यांना कळवत राहतं. त्यांचा प्रश्न सरळ होता. "विमानात नियमाने बसवलेलं यंत्र असतंच ना? मग हे आणखी कशाला घ्यायचं?"

मी इतिहासाचा माणूस, वैमानिक नाही. पण या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच सापडतं, म्हणून आजचा विषय हाच घेतोय.

गोष्ट सुरू होते मार्च 1967 मध्ये. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडहून एक छोटं सेसना विमान सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालं. विमानात तिघं होते. विमान चालवणारे ॲल्विन ओइन, त्यांची पत्नी फिलिस आणि फिलिसची किशोरवयीन मुलगी कार्ला. उत्तर कॅलिफोर्नियाच्या ट्रिनिटी डोंगरांत विमान बर्फात कोसळलं. तिघंही जिवंत होते. ओइन मदत आणायला चालत निघाले, ते परत आलेच नाहीत. मायलेकी मोडक्या विमानात थांबल्या. कार्ला नोंदी लिहीत राहिली. त्या नोंदींवरून कळतं, की त्या दोघी पन्नासहून अधिक दिवस जिवंत होत्या. पन्नास दिवस! शोध केव्हाच थांबला होता. एवढ्या थंडीत कोण जगणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्याच वर्षी शिकाऱ्यांना ते विमान सापडलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

या घटनेने अमेरिका हादरली. मारणारा अपघात नव्हता, मारणारी होती शांतता. त्या दोघींकडे आवाज होता, पण तो डोंगरापलीकडे जात नव्हता. डिसेंबर 1970 मध्ये कायदा झाला: छोट्या विमानांत आपत्कालीन बिनतारी यंत्र हवंच. जोराचा धक्का बसला की ते आपोआप सुरू व्हायचं आणि 121.5 मेगाहर्ट्झवर ठरावीक आवाज काढत राहायचं. बहुतेक विमानांना 1973 च्या अखेरपर्यंत मुदत होती.

ती मुदत संपायच्या आतच दुसरा धक्का बसला. 16 ऑक्टोबर 1972 रोजी अलास्कातल्या अँकरेजहून जुनोकडे एक सेसना 310 विमान निघालं. त्यात प्रतिनिधीगृहातले बहुमतवाल्या पक्षाचे नेते हेल बॉग्ज आणि अलास्काचे खासदार निक बेगिच होते. विमान नाहीसं झालं. 39 दिवस शोध चालला, विमान आजतागायत मिळालेलं नाही. चौकशीत जे निघालं ते मला सगळ्यात बोचतं. वैमानिकाकडे हातात घेऊन जाण्याजोगं आपत्कालीन यंत्र होतं, पण ते फेअरबँक्सला दुसऱ्याच एका विमानात सापडलं. म्हणजे यंत्र होतं, फक्त जिथे हवं तिथे नव्हतं.

आता दुसरी अडचण बघा. यंत्र ओरडतंय, पण ऐकणार कोण? जवळून जाणारं एखादं विमान त्या लहरीवर कान लावून असेल तरच. म्हणून कान थेट आकाशात बसवायचं ठरलं. 1979 मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ एकत्र आले. शीतयुद्धाचा काळ होता. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेल्या देशांनी हरवलेल्या माणसांसाठी उपग्रह वाटून घेतले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. या योजनेचं नाव कॉस्पास-सारसॅट. पहिला उपग्रह सोव्हिएत संघाने 30 जून 1982 रोजी सोडला. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या विमानातली तीन माणसं त्याच्यामुळे वाचली. गंमत म्हणा की दैव, हे तिघं स्वतःच दुसरं एक हरवलेलं विमान शोधायला निघाले होते.

उपग्रहाला जागा कशी कळायची? स्टेशनवर उभं राहून धडधडत जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐका. जवळ येताना ती चढी वाटते, लांब जाताना पडते. उपग्रहही तसाच त्या यंत्रावरून सरकत जातो आणि आवाजाच्या चढउतारावरून जागा ताडतो. जुन्या 121.5 च्या संदेशात हा अंदाज वीसेक किलोमीटरपर्यंत चुकायचा, आणि हाक कोणाची हेही कळायचं नाही. खोट्या हाका तर इतक्या यायच्या, की खरी कोणती हे ओळखणं कठीण व्हायचं. त्यानंतर आलेल्या 406 मेगाहर्ट्झच्या यंत्राने आपला ओळख क्रमांक सांगायला सुरुवात केली आणि जागाही पुष्कळ नेमकी कळू लागली. 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रहांनी 121.5 ऐकणंच थांबवलं. या कामात आपलाही वाटा आहे. बंगळुरूला इस्रोचं नियंत्रण केंद्र आहे, बंगळुरू आणि लखनौला जमिनीवरची स्थानकं आहेत, आणि नेपाळ, भूतान, श्रीलंकेकडच्या हाकाही तिथेच ऐकल्या जातात.

मग अडलं कुठे? या यंत्राला ओरडायला आधी पडावं लागतं. आणि पडताना त्याची अँटेना तुटते, विमान उलटं होऊन अँटेना खाली दबते, आग लागते, किंवा विमान पाण्यात बुडतं. ज्या क्षणी त्याची गरज लागते, त्याच क्षणी ते मोडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

3 सप्टेंबर 2007 रोजी हेच दिसलं. स्टीव्ह फॉसेट म्हणजे बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. नेवाडातल्या एका रँचवरून तो दोन आसनी विमान घेऊन सकाळी सहज फिरायला निघाला. कुठे जाणार, याचा आराखडा दिलेला नव्हता. विमानात जुन्या पद्धतीचं यंत्र होतं, पण त्याची हाक कोणालाच आली नाही. प्रचंड शोध झाला. हजारो लोक घरी बसून उपग्रहाची छायाचित्रं तपासत होते. काही सापडलं नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस सिएरा नेवाडा डोंगरांत एका पदभ्रमण करणाऱ्याला त्याची ओळखपत्रं दिसली आणि मग अवशेष मिळाले. धडक इतक्या जोराची होती, की कुठल्याही यंत्राने त्याचा जीव वाचला असता असं मी म्हणणार नाही. पण पत्नीला वर्षभर वाट पाहावी लागली नसती, आणि शोधणाऱ्यांना दुर्गम डोंगरांवरून तितके दिवस उडावं लागलं नसतं.

योगायोग असा, की त्याच 2007 च्या अखेरीस 'स्पॉट' नावाचं खिशातलं यंत्र बाजारात आलं. 2011 मध्ये 'इनरीच' आलं, त्यावरून दोन्ही बाजूंनी निरोप पाठवता येतात. यांचा विचारच वेगळा होता. पडल्यावर ओरडायचं नाही, तर उडत असतानाच दर काही मिनिटांनी 'मी इथे आहे' असं सांगत राहायचं. जंगलात जाताना खुणा करत जावं, तसं.

याचा हिशोब करून बघू. विमानाचा वेग ताशी 185 किलोमीटर धरा. दर दहा मिनिटांनी जागा कळत असेल, तर शेवटच्या खुणेपासून विमान जास्तीत जास्त 31 किलोमीटर पुढे गेलेलं असेल. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 3,000 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून कमी. दर दोन मिनिटांनी कळत असेल, तर तेच वर्तुळ 120 चौरस किलोमीटरवर येतं. शिवाय आधीच्या खुणांवरून दिशाही कळते. कार्लाच्या वेळी शोधणाऱ्यांसमोर दोन राज्यांचे डोंगर पसरले होते.

आपल्याकडेही ही वाट पाहणं आपण अनुभवलंय. 30 एप्रिल 2011 ला तवांगहून निघालेलं अरुणाचलचे मुख्यमंत्री दोर्जी खांडू यांचं हेलिकॉप्टर बेपत्ता झालं. मधेच ते सुखरूप उतरल्याच्या बातम्याही आल्या. अवशेष सापडले 4 मे रोजी. त्या दिवसांत त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं असेल, ते आपण समजू शकतो.

तर ताईंना मी सांगितलं, यंत्र जरूर घ्या, पण नियमाच्या यंत्राऐवजी नाही, त्याच्या जोडीला. ते सामानाच्या पिशवीत ठेवू नका, आकाश दिसेल अशा जागी, पुढच्या काचेजवळ ठेवायला सांगा. धोका जाणवताच, विमान हातात असतानाच मदतीचं बटण दाबायचं, उतरल्यावर बघू म्हणायचं नाही. आणि एक गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची: भारतात असं उपग्रह यंत्र परवानगीशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये गोव्यात परदेशी प्रवाशांना यावरून विमानतळावर अडवलं गेलं होतं. तेव्हा भाचा सुट्टीत घरी येताना ते तिकडेच ठेवू दे.

ताईंनी विचारलं, "मग माझं काम काय?"

म्हटलं, सगळ्यात मोठं काम तुमचंच आहे. यंत्र फक्त खुणा पाठवतं, त्या बघणारं माणूस लागतं. किती वाजता उतरणार हे त्याने निघताना सांगायचं. खुणा थांबल्या तर किती मिनिटं थांबायचं, आधी विमानतळावर कोणाला फोन करायचा, मग बचावपथकाला कधी कळवायचं, हे दोघांनी कागदावर लिहून ठेवायचं. कधी नुसती बॅटरी संपलेली असते, म्हणून लगेच घाबरायचं नाही. पण ठरलेली वेळ टळून गेली, की संकोचही करायचा नाही.

ताई म्हणाल्या, "तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे रात्र. म्हणजे मला जागायला लागेल."

परवा त्यांचा फोन आला. यंत्र घेतलंय. स्वयंपाकघरातल्या फळीवर दुसरं घड्याळ लावलंय, भाच्याच्या वेळेचं.